मदत हवी आहे: बोर्डीचे दोन दिवस, सोबत सत्तरीतले आईबाबा

ठाण्याहून घोडबंदरमार्गे गाडीने निघतोय. विरारची लोकल डहाणूलाच संपते, पुढे वाहन बदला, म्हणून ती नको. अमावस्या आलीय, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. किनारा सपाट, ओहोटीला पाणी पार लांब जातं, मधे कुठे कुठे पाय रुततो. सुरूच्या बनालगत घट्ट वाळूचा पट्टा नेमका कुठला?

घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. वाडीत चिकू उतरवताना पाहू देणारं कोणी आहे का? विकत घेऊ ते कडकच, पिकलेला डिकीत फुटतो आणि वास आठवडाभर जात नाही.

बहरोट गुंफा कृपया सुचवू नका, चढ झेपणार नाही. पारशी जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं का?