'सिटर'ला मराठीत काय म्हणायचं?

गूळपोळी: एका चित्राची माहिती मराठीत करतेय आणि घोडं पहिल्याच ओळीत अडलंय. १८५४ साली विंटरहाल्टर या जर्मन चित्रकाराने बकिंगहॅम पॅलेसमध्ये पंजाबच्या दुलीपसिंगाचं पोर्ट्रेट काढलं, त्यातला 'सिटर', म्हणजे ज्याला समोर ठेवून चित्र काढतात तो. 'बसणारा' लिहावं तर १५ वर्षांचा पोरगा चित्रात चांगला उभा आहे! 'मॉडेल' म्हणवत नाही, गादी गेलेली असली तरी महाराजा तो.

खडूफळा: आम्ही आर्ट स्कूलला असताना मॉडेल उभं असलं तरी 'मॉडेल बसलं का' असंच विचारायचे. मराठीत बसायला खुर्ची कुठे लागते, घडी बसते, दातखीळ बसते, उभ्या माणसाला धक्काही बसतो.

शुद्धमती: 'चित्रित व्यक्ती' म्हणा. आणि पोर्ट्रेट कशाला, व्यक्तिचित्र आहे की.

गूळपोळी: व्यक्तिचित्र म्हटलं की दिवाळी अंकातला लेख वाटतो हो.

ताकभात: तसबीर!! अरबी तस्वीर, आपल्या 'सुरत'चंच मूळ.

शुद्धमती: तसबीर भिंतीवरची, हार घातलेली. आमच्याकडे जिवंत माणसाला तसबीर म्हटलंत तर मार खाल.

ताकभात: मग या चित्रात काय म्हणाल? दुलीपच्या गळ्यात व्हिक्टोरियाचं छोटं चित्र आहे, एमिली ईडनने काढलेलं, हिऱ्यांत बसवलेलं, तिचा भाऊ गव्हर्नर जनरल ऑकलंड याने दुलीपच्या वडिलांना, रणजितसिंगाला भेट दिलेलं तेच. राज्य गेलं, कोहिनूर गेला (तो तर याच सिटिंगच्या वेळी राणीने त्याच्या हातात देऊन परत घेतला) आणि गळ्यात राणीचा चेहरा. कोण वर कोण खाली ते चित्रकाराने शब्दाशिवाय सांगितलंय.

खडूफळा: तेवढ्या चित्राला 'लघुचित्र' नका लिहू, लोकांना पहाडी शैलीतली जुनी भारतीय चित्रं वाटतील.

शुद्धमती: आणि व्हिक्टोरियाला 'सम्राज्ञी' लिहू नका, १८५४ ला ती हिंदुस्थानची सम्राज्ञी नव्हती.

खडूफळा: रुपयावर बघा ना, १८७६ पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन', १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. माझ्या आजीच्या डब्यात दोन्ही होते, काळपट पडलेले, ती दोन्हींना राणीछापच म्हणायची. बढती झाल्याचं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

ताकभात: राणीछाप बरोब्बर एक तोळा भरतो, १८० ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर.

शुद्धमती: काहीही. आमचा सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो.

ताकभात: तो तुमच्या सोनाराचा तोळा!

गूळपोळी: अहो, सिटर...

खडूफळा: थांबा जरा, आजीचा रुपया काट्यावर ठेवून सांगतो.