मदत हवी आहे: एएमपीके चरबी जाळायला लावतं, मग मेदपेशीत तेच चरबी का अडवतं?

नमस्कार मंडळी,

जीवरसायनशास्त्राचा अभ्यास करतेय. यकृत आणि स्नायूंपुरतं एएमपीकेचं (पेशीतली ऊर्जा घटली की जागं होऊन इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचं) काम मला पटलंय. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन, तीन फॉस्फेटांचं) थोडं जरी घटलं, तरी पेशी दोन एडीपींतून (दोन फॉस्फेटांचं रूप) एक एटीपी उभं करते आणि सोबत एक एएमपी (एकच फॉस्फेट असलेलं) उरतं. त्यामुळे एटीपीच्या किरकोळ घटीतही एएमपी कितीतरी पटींनी वाढतं. ते एएमपीकेच्या गॅमा उपघटकाला चिकटतं, अल्फा उपघटकावरच्या १७२व्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट टिकून राहतो आणि एएमपीके कामाला लागतं. मग ते मॅलोनिल-कोए बनवणारं ॲसिटिल-कोए कार्बॉक्झिलेज हे एन्झाइम बंद पाडतं, मॅलोनिल-कोए घटतं. हे फारच सुंदर आहे! मॅलोनिल-कोए हा मेदाम्लांचा कच्चा माल (एका पामिटेटला ७ रेणू लागतात), आणि सीपीटी१ला (मेदाम्लांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रवेशासाठी लागणाऱ्या एन्झाइमला) रोखून मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात जाऊ न देणारंही तेच. तो एक रेणू कमी झाला की बांधणी थांबते आणि ज्वलन सुरू होतं.

घोडं पेंड खातंय ते मेदपेशीत. उपाशी असताना ॲड्रिनॅलिनमुळे पीकेए (फॉस्फेट लावणारं आणखी एक एन्झाइम) जागं होतं आणि चरबी तोडणाऱ्या हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेजच्या ५६३व्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतं; त्याने लायपेजला चालना मिळते. (क्रमांक उंदराच्या एन्झाइमचे आहेत.) पण एएमपीके अगदी शेजारी, ५६५व्या सेरिनवर फॉस्फेट लावतं, आणि तो आधी बसला की पीकेएला ५६३वर काही करता येत नाही. शरीराला इंधन हवं असताना ते बाहेर सोडणाऱ्या एन्झाइमलाच लगाम कशासाठी?

माझा तर्क असा: सुटलेली मेदाम्लं पेशीबाहेर पडली नाहीत, तर त्यांना पुन्हा कोए (कोएन्झाइम ए) जोडून ट्रायग्लिसराइडमध्ये (तीन मेदाम्लांच्या साठवणीच्या चरबीत) बसवलं जातं. त्या जोडणीत दर वेळी एटीपीचं थेट एएमपी होतं. म्हणजे चरबी वापराच्या वेगापेक्षा भराभर सुटू लागली, तर मेदपेशीचीच ऊर्जा फुकट जाते, आणि एएमपीके ती गळती थांबवत असावं. हे बरोबर आहे का?

आणखी एक. ट्रायग्लिसराइडमधलं पहिलं मेदाम्ल एटीजीएल हे दुसरं लायपेज तोडतं, आणि उंदरांत एएमपीके त्याला ४०६व्या सेरिनवर फॉस्फेट लावून उलट चालनाच देतं, असं वाचलंय. पहिली पायरी वेगात आणि दुसरी (हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेजची) अडवलेली, तर मधल्या मधे डायग्लिसराइड (दोनच मेदाम्लं उरलेला रेणू) साठत नाही का? साठत असेल तर त्याचं पुढे काय होतं? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं, अगदी सविस्तर लिहिलं तरी चालेल.