पित्ताच्या कॅप्सूलनंतर कामेच्छा हरपली, प्रोलॅक्टिन वाढले. पूर्ववत होण्यास किती काळ लागतो?

नाशिककर_३६ यांचा प्रश्न

पित्त आणि पोटफुगीसाठी डॉक्टरांनी मला रॅबेप्रॅझोल व लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. आराम पडला आणि मेडिकलमध्ये तीच पट्टी चिठ्ठीवाचून मिळत गेली, त्यामुळे ती अनेक महिने चालू राहिली. या काळात कामेच्छा जवळजवळ नाहीशी झाली, सकाळी येणारी नैसर्गिक ताठरता थांबली आणि डाव्या स्तनाग्रामागे दुखरी गाठ जाणवू लागली. तपासणीत प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध निर्माण करणारे संप्रेरक) ६८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर टेस्टोस्टेरॉन २१० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. कॅप्सूल बंद करणे पुरेसे होईल का, की व्यायामशाळेतील मित्र सांगतो त्याप्रमाणे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घ्यावीत? आम्हा पतिपत्नीला पुढील वर्षी मूल हवे आहे, म्हणून विचारतो.

औषधशास्त्र_शिक्षक

आपल्या कॅप्सूलमध्ये दोन वेगळी औषधे आहेत. रॅबेप्रॅझोल आम्ल कमी करते आणि या तक्रारींशी त्याचा संबंध असण्याची शक्यता कमी आहे. लेव्होसल्पिराइड हे मात्र डोपामिन या मेंदूतील रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) अडवणारे औषध असून त्याचे कूळ मनोविकारांवरील औषधांचे आहे. मेंदूतून येणारे डोपामिन पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला प्रोलॅक्टिन बनवण्यापासून सतत रोखून धरत असते. तो अडसर दूर झाला की प्रोलॅक्टिन वाढते, वाढलेले प्रोलॅक्टिन प्रजननसंप्रेरकांना चालना देणारे मेंदूतील संदेश दडपते, आणि परिणामी वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा आदेशच क्षीण होतो. म्हणजे आपले वृषण बिघडले आहेत असे नव्हे, त्यांच्यापर्यंत आदेश पोहोचत नाही. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड यांचाही परिणाम याच वाटेने होतो. कॅप्सूलच्या नावापुढे ‘एल’, ‘एलएस’, ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी अक्षरे असली, तर पट्टीच्या मागील बारीक अक्षरांतील घटक अवश्य वाचावेत.

पंचगंगाकाठ

मी स्त्री आहे, परंतु कारण हेच होते. माझी पाळी लांबत जाऊन थांबली आणि अंगावर पाजत नसतानाही स्तनांतून दूध येऊ लागले. डॉक्टरांनी आधी गर्भधारणेची चाचणी केली, मग थायरॉइड तपासले, कारण थायरॉइड मंदावले तरी प्रोलॅक्टिन वाढते. त्यानंतर घरातील सगळ्या औषधांच्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्या, आणि पोटाच्या गोळीतील लेव्होसल्पिराइड तेव्हा सापडले. ते बंद केल्यावर काही आठवड्यांत दूध थांबले. पाळी नियमित व्हायला त्याहून अधिक वेळ लागला.

सह्याद्री_वारा

रोज अश्वगंधा आणि शिलाजित घ्यावे. माझ्या ओळखीच्या अनेकांना गुण आला आहे.

डॉ_अंतःस्रावी

मी संप्रेरकतज्ज्ञ आहे. येथे निदान करणे योग्य नाही, तरी दिशा सांगतो. कारण चालू असताना त्यावर शिलाजित घेणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय. शिवाय बाजारातील काही ‘शक्तिवर्धक’ भुकट्यांत न सांगता मिसळलेली औषधे आढळलेली आहेत.

आपल्या डॉक्टरांना सांगून लेव्होसल्पिराइड बंद करावे आणि आम्लासाठी औषध लागलेच, तर साधे, एकाच घटकाचे घ्यावे. आम्ल कमी करणारे औषध दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवले तर काही आठवडे जळजळ उलट वाढू शकते, आणि पुष्कळ रुग्ण याच कारणाने जुन्या कॅप्सूलकडे परत वळतात. औषधामुळे वाढलेले प्रोलॅक्टिन ते थांबवल्यावर बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते. टेस्टोस्टेरॉन त्यामागून सावरते, आणि कामेच्छा व ताठरता यांना आणखी वेळ लागू शकतो, कारण तोवर मनात बसलेली धास्तीही भर घालत असते. छातीतील गाठ अलीकडची आणि दुखरी असेल तर ती बहुधा विरते, वर्षभर जुनी झालेली सहसा पूर्णपणे विरत नाही. मात्र कोणतीही गाठ एकदा डॉक्टरांच्या हाताखालून गेलीच पाहिजे.

पुन्हा तपासणी करताना प्रोलॅक्टिनचा नमुना झोपेतून उठल्यावर तासाभराने, थोडे शांत बसून द्यावा, कारण ताण व व्यायाम यांनीही आकडा वाढतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी मोजावे. औषध थांबवूनही प्रोलॅक्टिन चढेच राहिले, डोके सतत दुखू लागले किंवा कडेचे दिसणे कमी झाले, तर पीयूषिका ग्रंथीचा एमआरआय करावा लागतो.

इंजेक्शनांबाबत माझे मत स्पष्ट आहे: मूल हवे असताना ती घेऊ नयेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू वृषणांना दिला जाणारा आदेश आणखी कमी करतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते, कधी ती थांबतेही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. रिस्पेरिडोनसारखे प्रोलॅक्टिन वाढवणारे औषध मानसिक आजारासाठी चालू असेल, तर ते स्वतःहून कदापि बंद करू नये. मानसोपचारतज्ज्ञ मात्रा कमी करू शकतात किंवा ॲरिपिप्राझोलसारखा पर्याय देऊ शकतात. प्रोलॅक्टिन उतरवणारे कॅबरगोलिनही अशा रुग्णांनी परस्पर घेऊ नये, कारण त्यामुळे मूळ आजार उफाळण्याचा धोका असतो.

नाशिककर_३६

मनःपूर्वक आभार. उद्याच डॉक्टरांना भेटतो. एक शंका राहिली आहे: माझी सत्तरीतली आई हीच कॅप्सूल माझ्याही आधीपासून घेते. तिला वरील त्रास नाही, परंतु अलीकडे तिचा उजवा हात थरथरतो आणि चाल मंदावली आहे. याचा संबंध असू शकेल का?

डॉ_अंतःस्रावी

असू शकतो, आणि आपल्या तक्रारीपेक्षा मला हीच बाब अधिक तातडीची वाटते. डोपामिन अडल्याने वृद्धांमध्ये कंपवातासारखी लक्षणे दिसतात. आईंना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे, सोबत ही पट्टी न्यावी, आणि कंपवाताची औषधे सुरू होण्यापूर्वीच ती त्यांना दाखवावी. पुष्कळदा कारणीभूत औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत थरथर कमी होते, पण सर्वांमध्ये ती पूर्णपणे जातेच असे नाही.