मदत हवी आहे: अ‍ॅक्टिन जनुकाच्या जुळणीत आधी कोणती क्रिया?

नमस्कार मंडळी. सिलिएट या एकपेशीय जीवांमधल्या जनुक-जुळणीचं गणित शिकतोय, एका जागी अडकलोय. ऑक्सिट्रिका नोव्हा या सिलिएटच्या लघुकेंद्रकात (पुढच्या पिढीसाठी जपलेलं छोटं केंद्रक) अ‍ॅक्टिन-१ जनुकाचे तुकडे ३, ४, ६, ५, ७, ९, २, १, ८ अशा क्रमाने असतात, त्यातला २ तर उलटा! बृहत्केंद्रक (पेशीचं रोजचं काम चालवणारं मोठं केंद्रक) तयार होताना ते बरोबर ओळीने जोडले जातात. कितीही वेळा वाचलं तरी थक्क व्हायला होतं.

एरेनफॉइश्ट, प्रेस्कॉट आणि रोझेनबर्ग यांच्या मॉडेलमध्ये जोडणी पॉइंटरवर होते, म्हणजे लागोपाठच्या दोन तुकड्यांच्या टोकांवर सारखाच असणाऱ्या छोट्या डीएनए क्रमावर; पॉइंटर ३ हा तुकडा २ आणि ३ यांना जोडतो. क्रिया तीनच आहेत: लूप (एकाच दिशेच्या दोन सारख्या पॉइंटरांमधला भाग कापून काढणं), हेअरपिन (एक सुलट, एक उलट अशा पॉइंटरांमधला भाग उलटवणं) आणि दुहेरी लूप (आलटून-पालटून येणाऱ्या दोन पॉइंटर-जोड्यांमधल्या भागांची अदलाबदल). पॉइंटर ८ आणि ९ वर सुरुवातीलाच दुहेरी लूप चालतो. पण आधी पॉइंटर ३ वर हेअरपिन केला, तर मधला सगळा भाग उलटतो, दुहेरी लूपची वाट बंद होते आणि ८ वर हेअरपिन लागू होतो. शेवटी जनुक दोन्ही वाटांनी पूर्णच होतं.

मग पेशी यातली कोणती वाट धरते, हे ठरवायला गणितात काही निकष आहे का? समांतर पायऱ्या (एकाच वेळी चालू शकणाऱ्या क्रियांच्या फेऱ्या) कमीत कमी असणं पुरेसं कारण मानायचं का? शिवाय मातृपेशीकडून आलेले आरएनए साचे (जुळणीसाठी नमुना ठरणारे आरएनए रेणू) जुळणीला दिशा देतात हे २००८ मध्ये दिसलं. त्यांना धरून क्रियांचा क्रम कसा मांडायचा? आलेख-सिद्धांताच्या अंगाने कुणी समजावलं तर फार बरं होईल.