रास्पबेरी पायवर जीपीएसची अचूक वेळ, कोणतं मॉड्यूल घेऊ?

निरभ्र:
लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही क्षण विझतो, ते पिधान रेकॉर्ड करायचंय. सावली सेकंदाला कित्येक किलोमीटर पळते, म्हणजे वेळ मिलिसेकंदात हवी. निरीक्षणाच्या जागी इंटरनेट नसतं, त्यामुळे एनटीपीचा (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) उपयोग नाही. माझ्याकडे रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक आहे, त्याला यूएसबीवाला जीपीएस लावून जीपीएसडी (जीपीएस वाचणारा प्रोग्राम) आणि क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू केलं, पण घरी नेटवरच्या सर्व्हरशी ताडून पाहिलं तर वेळ कधी 80 तर कधी 200 मिलिसेकंद मागेपुढे होतेय. महागडं मॉड्यूल घ्यावं का?

तारजोड:
महागडं नको, पीपीएसची पिन बाहेर काढलेलं घ्या. आत्ता तुम्ही फक्त एनएमईएची वाक्यं, म्हणजे जीपीएस मजकुरात पाठवतं ती वेळ-जागेची माहिती, वाचताय आणि ती मुळातच उशिरा येतात. 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) 80 अक्षरांचं एक वाक्य यायलाच 83 मिलिसेकंद लागतात, त्यात उपग्रह जास्त दिसले की वाक्यं वाढतात, वर यूएसबीची ढिलाई वेगळी. पीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या ठोक्याला येणारा पल्स. तो कितवा सेकंद ते सांगत नाही, ते एनएमईए सांगतं, म्हणून दोन्ही लागतात.

स्वस्तातल्या निओ-6एम जीपीएस बोर्डवर लाइट लुकलुकतो तो पीपीएसचाच, पण बऱ्याच बोर्डांवर त्याची पिन दिलेली नसते, मग बारीक वायर सोल्डर करत बसावं लागतं. एम8एन मॉड्यूल चालेल, फक्त विकत घेताना फोटोत पिनवर पीपीएस लिहिलंय का बघा. मॉड्यूलचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) पायच्या 10 नंबर पिनला, पीपीएस 12 नंबरला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जिला जीपीआयओ 18 म्हणतात ती पिन. सिग्नल 3.3 व्होल्टचाच हवा, 5 व्होल्ट गेला तर पाय कायमचा खराब होऊ शकतो!

मध्यरात्र:
वरच्याशी सहमत. दोन गोष्टी हमखास राहतात. सिरियल कन्सोल (सिरियल पोर्टवरून लॉगिन करायची सोय) बंद करा, नाहीतर लॉगिनचा मजकूर आणि जीपीएस एकाच पोर्टवर भांडतात. आणि ब्लूटूथ लागत नसेल तर बंदच करा, कारण पाय 3 आणि 4 वर चांगला यूआर्ट (सिरियल पोर्टचं हार्डवेअर) तोच अडवून बसतो.

पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये पीपीएस-जीपीआयओचा ओव्हरले (ती पिन पीपीएससाठी वापरायची सूचना) टाका, रीबूट करा आणि क्रोनीच्या आधी पीपीएसटेस्ट (पल्स येतोय का ते दाखवणारा प्रोग्राम) चालवा, दर सेकंदाला एक ओळ आली पाहिजे, नाही आली तर पुढे जाऊच नका. मग क्रोनीत दोन रेफक्लॉक (वेळेचे स्रोत): एनएमईएला नोसिलेक्ट (थेट वेळ त्यावरून घ्यायची नाही), आणि पीपीएस एनएमईएला लॉक (कितवा सेकंद ते त्यावरून घ्यायचं). एनएमईएचा ऑफसेट (उशीर) घरी नेट असताना मोजून भरा, भरल्यावर उरलेला फरक अर्ध्या सेकंदाच्या बराच आत आला नाही तर पीपीएस चुकीच्या सेकंदाला चिकटेल. जीपीएसडी एन पर्यायाने चालू करा, म्हणजे कोणी विचारायची वाट न बघता ते लगेच वाचायला लागतं.

निरभ्र:
एम8एन आणलं, सांगितलं तसं जोडलं, आता क्रोनी फरक मायक्रोसेकंदात दाखवतंय!! मनापासून आभार. पण काल जुनं निओ-6एम पण लावून बघितलं तर सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वेळ बरोब्बर 2 सेकंद पुढे होती, मग आपोआप जागेवर आली. हे काय?

मध्यरात्र:
लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला जागतिक वेळेत मधूनमधून घातलेला जादा सेकंद. जीपीएसची घड्याळं 1980 पासून लीप सेकंद न घेता चालतात, 2017 च्या सुरुवातीपासून ती यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 18 सेकंद पुढे आहेत. मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये जुना आकडा असेल तर उपग्रहाकडून नवा मिळेपर्यंत तोच वजा होतो, आणि पूर्ण संदेश यायला 12.5 मिनिटं लागतात. पिधानाच्या निदान अर्धा तास आधी मोकळ्या आकाशाखाली चालू करून ठेवा. दोन सेकंदांची चूक नंतर डेटात बघून कळत नाही, म्हणून मी याबाबत फार आग्रही आहे.

तारजोड:
अजून एक, पायचं घड्याळ बरोबर असलं तरी कॅमेऱ्याच्या फ्रेमवरची वेळ बरोबर असेलच असं नाही, एक्सपोजर, बफर, यूएसबी या सगळ्यातून ती फ्रेम उशिरा पोचते आणि पोचल्यावर शिक्का बसतो. पीपीएसवर चालणारा छोटा एलईडी दुर्बिणीच्या तोंडाशी धरून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडे सेकंद लुकलुकू द्या. यूब्लॉक्सचा (या मॉड्यूलांची कंपनी) पल्स मुळात 100 मिलिसेकंदांचा असतो आणि तो सेकंदावरच सुरू होतो, त्यामुळे फ्रेमवरची वेळ किती मागे आहे ते थेट मोजता येतं.

निरभ्र:
हे डोक्यातच नव्हतं आलं! आज रात्री एलईडी लावून दोन-तीन वेगवेगळ्या एक्सपोजरला मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.