कोरियन बॉक्सर: सुरुवात कुणापासून करावी?

रिंगमास्तर
जपानी बॉक्सर नाओया इनोउएच्या जवळपास सगळ्या लढती बघून झाल्या. हलक्या वजनाचेच बॉक्सर आवडतात. आता ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या कोरियन विजेत्याची कारकीर्द ओळीने बघायची आहे. कुणाची बघू? जाणकारांनी सुचवावे.

खडूस_काका
डोळे झाकून चांग जंग-गू. १९८२ मध्ये पनामाच्या इलारियो सापाताकडून गुणांवर हरला, ती लढत आधी बघा. मग १९८३ ची. त्याच सापाताला तिसऱ्या फेरीत गुंडाळून डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा लाइट फ्लायवेट (वजनगट) किताब घेतला. वजन जेमतेम ४९ किलो, पण पठ्ठ्या मागे हटायचं नाव घेत नाही. किताब १५ वेळा राखला. १९८८ ची टोकियोतली ओहाशीविरुद्धची लढत चुकवू नका. हा ओहाशी म्हणजे तुमच्या इनोउएचा जिमवाला!

पंचनामा
काकांशी असहमत. ओळीने बघायचं तर यू म्युंग-वू. डिसेंबर १९८५ मध्ये जोई ओलिव्होला हरवून डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा किताब, तोच वजनगट, आणि १७ वेळा राखला. एकूण ३९ लढती, ३८ विजय. एकमेव हार १९९१ मध्ये हिरोकी इओकाकडून ओसाकात, तीही पंचांच्या विभागलेल्या निकालाने. पुढच्याच वर्षी ओसाकात जाऊन किताब परत आणला, आणखी एकदा राखला आणि निवृत्त. नॉकआउट १४ च आहेत, पण ठोशांचा मारा थांबतच नाही.

रिंगमास्तर
म्हणजे दोघे एकाच वेळी विजेते होते? मग आपसात लढले का?

पंचनामा
नाही ना! दोन-तीन वर्षं एकाच देशात, एकाच वजनाचे दोन विजेते, फक्त संघटना वेगळ्या. माझ्या मते यू गुणांवर जिंकला असता. काका, या आता अंगावर.

सायंकाळ
अवांतर: हाताशी एकच संध्याकाळ असेल तर कोरियाचाच होंग सू-ह्वान, पनामा, १९७७. दुसऱ्या फेरीत चार वेळा खाली पडला आणि तिसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी कारास्कियाला नॉकआउट केलं.

खडूस_काका
पंचनामा, गुणांवर? चांग तिथवर जाऊ देईल तर ना! यूची कारकीर्द फार नीटनेटकी आहे हो. चांग निवृत्तीतून परतला आणि विश्वविजेतेपदाच्या तिन्ही लढती हरला. त्यातली १९९१ ची थायलंडच्या मुआंगचाईविरुद्धची बघाच. चांगने त्याला खाली पाडलं, गुणांत पुढे होता आणि शेवटच्या, बाराव्या फेरीत स्वतःच कोसळला. रिंगमास्तर, ती सगळ्यांत शेवटी ठेवा. आधी बघितलीत तर बाकीच्या लढतींची मजा जाईल.