गोळी बंद केली आणि डोक्यात करंट बसतोय, आजार परत आला का?

घुबड_२

एसिटालोप्राम (नैराश्य-घबराटीवरची गोळी) १० मिग्रॅ, दोन वर्षं चालू होती. गेले सहा-सात महिने मी ठणठणीत, झोप नीट, छातीत धडधड नाही, मग म्हटलं आता कशाला गोळ्या गिळत बसायचं, पट्टी संपली ती नवीन आणलीच नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, माहितीये, चुकलं, त्यावरून झोडू नका. पहिले दोन दिवस काहीच नाही, मी खुश. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की, मान पण सोडा, नुसती नजर डावीकडून उजवीकडे नेली तरी डोक्यात चर्रकन करंट जातो, अर्धा सेकंदच, पण तेवढ्यात पाय लटपटतात. आज सहावा दिवस. रात्री भलतीसलती स्वप्नं, घाम, आणि चिडचिड इतकी की बायको म्हणाली तू परत पूर्वीसारखा व्हायला लागलास. ते ऐकून जास्त घाबरलोय. दारू-सिगरेट सोडताना विथड्रॉवल होतं हे ठाऊक होतं, पण ह्या गोळीची सवय लागत नाही असं मला सांगितलेलं. मग हे काय आहे? आजार उलटला का?

खलबत्ता

फार्मसीत काम करतो, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. तुमच्या गोष्टीत सगळ्यात बोलका आहे तो तिसरा दिवस. ह्या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण तीस तासांत निम्मं होतं, म्हणजे तीन दिवसांत जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला सुरू झालं. आजार उलटायचा असेल तर तो बहुतेक वेळा आठवडे-महिने घेत हळूहळू येतो, असा घड्याळ लावून येत नाही. आणि दुसरं, दोन वर्षांपूर्वी आजारात हे करंट बसायचे का? नसणार. जे लक्षण आधी कधी नव्हतंच ते 'परत' कसं येईल. हे करंट ह्या जातीच्या गोळ्या सोडताना इतके जणांना होतात की इंग्रजीत त्यांना ब्रेन झॅप असं नावच पडलंय.

सवयीबद्दल सांगितलं ते अर्धं खरं. लत म्हणजे तलफ येणं, डोस वाढवत जाणं, ते ह्या गोळीत होत नाही. पण मेंदूने दोन वर्षं तिच्या हिशोबाने घडी बसवलेली असते, ती एकदम ओढून काढली की घडी विस्कटणारच. ह्याच कामाच्या दुसऱ्या गोळ्यांपैकी पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन ह्या बाबतीत सगळ्यात खट्याळ, व्हेनलाफॅक्सीन तर काही लोकांना एक डोस चुकला तरी त्याच दिवशी जाणवतं. उलट फ्लुओक्सेटीन शरीरातून जायलाच काही आठवडे घेतं म्हणून त्याचा त्रास कमी.

डॉक्टरांना आजच फोन करा. बऱ्याचदा गोळी परत चालू करून मग पायरीपायरीने उतरवतात.

एकघाव

मी रोजच्या वीस सिगरेटी एका दिवसात सोडल्या. मनाचा निग्रह लागतो बाकी काही नाही. १५ दिवस दात ओठ खाऊन काढा, परत गोळीच्या नादी लागू नका.

सावलीतली

एकघाव, सिगरेट सोडलीत त्याबद्दल खरंच अभिनंदन, पण निकोटिनचं गणित सगळ्याला लावू नका हो. त्याचे पहिले दोन-तीन दिवस वाईट, मग तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं, आणि त्याने कुणाला फिट येत नाही. दारू आणि झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या, क्लोनाझेपाम अल्प्राझोलाम वगैरे, ह्या रोज घेणाऱ्याने एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. तिथे निग्रह दाखवायला जाऊ नये.

माझे वडील रोज पिणारे. पाय मोडून ऑपरेशनला अ‍ॅडमिट झाले आणि आम्ही कुणीच लाजेकाजेस्तव डॉक्टरांना दारूचं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, आम्हाला वाटलं भीतीने. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते, मुंग्या नव्हत्याच, आणि मला ओळखेनात. नंतर कळलं की ह्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांतच ते येतं. थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं आणि शांत करणारी औषधं देऊन त्यांना वाचवलं. आधी एक वाक्य बोललो असतो तर ही वेळच आली नसती.

घुबड, तुमची गोळी त्या जातीची नाही, पण सोबत क्लोनाझेपाम चालू होती का? असेल तर ती स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका.

थेंबे_थेंबे

मी ह्याच गोळीवरून उतरलोय, नऊ महिने लागले. माझी चूक सांगतो, मी एक दिवस आड घ्यायला लागलो, वाटलं हा पण डोस कमी करणंच. पण वर खलबत्तांनी तीस तासांचं सांगितलंय ना, एक दिवस आड म्हणजे पातळी रोज झोपाळ्यासारखी वरखाली, करंट थांबेचनात.

आणि सगळ्यात अवघड शेवटचे मिलिग्रॅम. २० वरून १० ला मला काहीच झालं नाही, ५ वरून शून्याला येताना रडकुंडीला आलो. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत हॉरोविट्झ आणि टेलर यांचा लेख आला होता त्यात कारण सापडलं: थोडासा डोस पण मेंदूतली बरीचशी पकड घेतो, वरचे मिलिग्रॅम त्यात थोडीच भर घालतात. म्हणून शेवटाकडे पायऱ्या अजून बारीक हव्यात. गोळीचे तुकडे पुरत नाहीत, मला डॉक्टरांनी पातळ औषध दिलं.

घुबड_२

फोन केला. थोडी बोलणी खाल्ली. क्लोनाझेपाम नव्हती. १० परत सुरू केली, दोन दिवसांत करंट जवळजवळ गेले. आता महिनाभर हीच, मग पातळ औषधावर नेणार आहेत. बायकोला हा धागा वाचायला दिला, आता मी चिडलो की म्हणते 'घडी विस्कटली वाटतं'. एक राहिलं, ते औषध थेंबांनी मोजायचं का सिरिंजने?

खलबत्ता

एक मिलीत किती मिग्रॅ हे बाटलीगणिक बदलतं, त्यामुळे आधी लेबल वाचा. थेंबांची बाटली असेल तर तिचाच ड्रॉपर, दुसऱ्या बाटलीचा नाही. सिरपसारखं असेल तर सिरिंज. चमच्याने मोजू नका.